सामाईक विहीर

२०१९ सालच्या चित्तिरै महिन्यात, ऐन उन्हाळ्यात भर दुपारी, अंबुजाबाई भरलेली बादली विहिरीत सोडत होत्या. तळाला टेकली की दोरीला हिसका देऊन कलती करायची. वरून ओतलं तर आवाज पलीकडे जातो. पलीकडे शेजारीण वरलक्ष्मी झोपली होती.

विहीर एक, घरं दोन. मधली भिंत विहिरीच्या तोंडावरूनच गेलेली, दोन्ही अंगांना एकेक कप्पी. दोघी सुना होऊन कुंभकोणमच्या या गल्लीत आल्या तेव्हापासून रोज दुपारी पाणी ओढताना भिंतीआडून बोलत आल्या होत्या, घरातल्या जुन्या तंजावरी मराठीत. बाहेर सगळं तमिळच.

अंबुजाबाईंच्या मुलाने, प्रद्युम्नने, गच्चीवर बाग केली आणि तिच्यासाठी खोल बोअर मारली. मोटर तो बेंगळुरूहून फोनवर चालवी, कॅमेऱ्यातून बाग पाही, ऑफिसात चारचौघांना दाखवी. तेव्हापासून विहीर आटत गेली. वरलक्ष्मीकडे बोअर नव्हती.

"थोडी कमी चालव रे," अंबुजाबाईंनी सांगून पाहिलं होतं.

"अम्मा, पाणी भरपूर आहे. इथे स्क्रीनवर दिसतंय मला."

"मला विहिरीत दिसत नाही रे."

"विहीर कोण वापरतं आता?"

मग त्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाखाली बादलीत भरून गुपचूप विहिरीत सोडू लागल्या.

ऊन कलल्यावर पलीकडची कप्पी कुरकुरली.

"अक्का, रसम करपलं की गे तुझं. इकडपर्यंत वास."

"नाकच लांब तुझं. तुझी सासूही म्हणायची."

वरलक्ष्मी हसली. बादली वर आली. पाण्यात हात बुडवल्याचा आवाज आला.

"अक्का, विहिरीचं पाणी कधी ऊन असतं का गे?"

अंबुजाबाईंनी ओले हात पदराला पुसले.

"टाकीत तापलेलं आहे हे," पलीकडून वरलक्ष्मीच म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग ओढतेस कशाला?"

"नुसती येऊन उभी राहिले तर सून विचारील, भिंतीशी काय बोलता म्हणून."

अंबुजाबाई हातातली दोरी गुंडाळू लागल्या.

"उद्यापासून ओतू नकोस," वरलक्ष्मी म्हणाली. "कंबर धरेल तुझी. मी रिकामीच सोडत जाईन बादली."

त्या उन्हाळ्यात रोज एक रिकामी बादली खाली जाई आणि रिकामीच वर येई.

पुढे प्रद्युम्नची बोअरही आटली. त्याने शेजारीच आणखी खोल मारली. बाग हिरवी आहे. पावसाळ्यात डास होतात म्हणून विहिरीवर फरशी पडली. वरलक्ष्मीच्या मुलाने घर विकलं. ती आता चेन्नईत आठव्या मजल्यावर राहते, टँकरच्या पाण्यावर. शुक्रवारी तिची नात व्हिडिओ कॉल लावून देते. एकमेकींची तोंडं दिसली की दोघींना काही सुचत नाही.

"जेवलीस?"

"जेवले."

मग अंबुजाबाई फोन तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवतात, वरलक्ष्मीही तिकडे तसाच ठेवते, आणि बोलणं सुरू होतं.