भिंतीपलीकडचं हसणं

बोरगाव मेघेत आमचं आणि यशोदाबाईंचं घर एका भिंतीचं. इकडे मी खलबत्ता घेतला की तिकडून त्या विचारत, "छाया, काय कुटून राह्यली वं?" माझ्या गोपालला त्यांनीच न्हाऊमाखू घालून मोठं केलं. त्यांचा निकेश पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून गोपाल रोज सात वाजता त्यांच्याकडे जाऊन बसे. टीव्हीवर एक हसायची मालिका लागायची, ती दोघं मिळून बघत.

वैशाखात पुलगावहून येताना गोपालच्या गाडीला ट्रक लागला. सव्वीस वर्षांचा होता.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी देवाजवळ पोथी उघडली आणि भिंतीपलीकडून हसण्याचा लोट आला. शंभर माणसं एकदम हसावीत तसा. थांबला, पुन्हा आला. मालिकेत ते हसणं भरलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. कुणी दार उघडलं तरी हसतात, कुणी पडलं तरी हसतात. पण ते लावून बसणाऱ्या बाईचं काय?

"अहो, जरा सांगा ना त्यायले," मी म्हटलं.

"काय सांगू? घर त्यायचं, टीव्ही त्यायचा." हे आताशा कमीच बोलतात. पूर्वी मला 'गोपालची आई' अशी हाक मारत. आता नुसतं 'ऐकलं का' म्हणतात.

मला भांडता येत नाही. आवाजच चढत नाही. माझ्या हातात काय, तर पूजा, सोमवार, चतुर्थी. चौथ्या दिवशी मी तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. वर्षभर त्या घराची पायरी चढणार नाही. आजवर एकही संकल्प मी मोडला नव्हता. अंगात ताप असताना निर्जळी केली आहे. देवापुढे भांडणाचं पाणी सोडतेय, याचं तेव्हा काहीच वाटलं नाही.

यशोदाबाई दारात येत. "छाया, येजो वं घडीभर."

"पूजा राह्यली काकू," म्हणत मी तुळशीला पाणी घालत राही. घातलेलंच पुन्हा घाली. श्रावणात त्यांनी यायचं सोडलं. सातचं हसणं मात्र एक दिवस चुकलं नाही.

भादव्यातल्या एका संध्याकाळी पोथीचं पान उलटत होते आणि लाइन गेली. पंखा थांबला. पलीकडचं हसणं मधेच तुटलं.

आणि रडणं ऐकू आलं.

मोठ्यानं, लेकरू रडतं तसं. हसणं बंद पडलंय हे त्यांच्या ध्यानात यायला चार-दोन क्षण लागले असतील. मग तोंडात पदर कोंबावा तसा तो आवाज दबला.

मी उठले. समईच्या उजेडात ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुहं वरीस व्हायचं आहे अजून."

"हो," मी म्हटलं आणि अनवाणीच निघाले. त्यांच्या पायरीपाशी पाय अडला. खोटं कशाला सांगू, अडलाच. देवाचं नाव घेतलं आणि चढले.

अंधारात त्या खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर रिमोट.

"काकू."

"ऐकलं का तुवं?" चोरी सापडल्यासारखं विचारलं त्यांनी. "लाइन जाईन हे ध्यानातच नाई आलं मले."

"रोज रडता?"

"त्याची सातची येळ झाली की राहवतच नाई. अन् भिंत एक आहे ना बाई. तुले ऐकू गेलं असतं तं तुहा धीर सुटला असता. म्हणून हे लावतो. लय हासतात मेले, आपलं झाकून जाते."

चार महिने ही बाई माझ्यासाठी हसणं लावून रडत होती. आणि मी देवाला साक्षी ठेवून तिला तोडलं होतं. मी त्यांच्या पायांशी खालीच बसले.

त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. दोन बटणांवर बोटांना नेलपॉलिशचे खडबडीत ठिपके लागले. एक टीव्ही चालू-बंद करायचं, एक त्या मालिकेचं. "गोपालनंच लावून देल्ले. बाकीचे समजत नाई मले."

लाइन आली. टीव्ही जरा वेळ निळा राहिला, मग शंभर माणसं हसायला लागली. बंद करायला काकूंनी घाईघाईनं माझ्या हातातल्या रिमोटवरचा लाल ठिपका चाचपला.

मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, काकू. तिकडं हे एकटे आहेत. त्यायले ऐकू जाईन."