उलट उत्तर

डोकं दुखायच्या आधी तिला उजेड दिसायचा. नजरेच्या कडेला तांदळाएवढा ठिपका लुकलुकायचा, मग त्याला दाते फुटायचे, दात्यांना रंग चढायचे, आणि पाहता पाहता करवतीसारखी एक चमचमती कमान अर्ध्या जगावरून सरकत जायची. ती रंगाच्या दुकानात रंग जुळवायचं काम करायची. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणून समोर ठेवावा आणि हिनं पांढऱ्यात दोन थेंब पिवळा, काडीच्या टोकावर येईल एवढा काळा घालून हुबेहूब तोच रंग काढून द्यावा. पण त्या कमानीतला जांभळा तिला कधीच जमला नाही. खरं सांगायचं तर पुढे डोक्यात घण पडणार हे माहीत असूनही ती त्या उजेडाची थोडी वाट पाहायची. माणसाला कशाची ओढ लागेल, काही नेम नाही.

कमान दिसली की ती एवढंच म्हणायची, "आली." मग नवरा कामाला लागायचा. तो ग्रंथपाल होता, म्हणजे हळू बोलायचा पगार घेणारा माणूस. पडदे ओढायचा, फोनवर उशी ठेवायचा, भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ काढून कपाटात कपड्यांच्या घडीखाली पुरायचा, आणि खोलीचं दार ओढून घ्यायचा. पुढचा नियम एकच होता. ती आपणहून दार उघडेपर्यंत कुणी आत जायचं नाही. बायकोच्या डोकेदुखीवर इतका विश्वास ठेवणारा नवरा शोधून सापडायचा नाही.

अविश्वासाचं खातं नणंदेकडे होतं. ही नवऱ्याची थोरली बहीण. उभा जन्म धक्क्यावर बोटीची तिकिटं विकण्यात गेलेला, त्यामुळे भोंग्याच्या वर आवाज चढवायची सवय. निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली, आवाज मात्र निवृत्त झाला नाही.

"डोकं मलाही आहे," ती म्हणायची. "माझं नाही ते दुखत."

"असेल तर दुखेल ना," आतून उत्तर यायचं.

कारण नियम सगळ्या घराला असला तरी नणंदेला नव्हता. पडदे ओढले गेले की तिला हटकून त्याच खोलीतली कात्री हवी असायची, नाहीतर फणी. ती धाडकन दार उघडायची. "महाराणी निजल्या वाटतं?" आणि अंधारातून, उशीत तोंड खुपसूनसुद्धा, महाराणी म्हणायच्या, "वन्सं, तुमच्या घशाला बसेल असं कुलूप मिळतं का, उद्याच बघते बाजारात." डोक्याच्या ठिकऱ्या झाल्या तरी जीभ शाबूत असायची. नवरा बाहेर कपाळाला हात लावून बसायचा.

मध्यंतरी तिला एक भली बाई भेटली. मोठ्या हॉस्पिटलातल्या या डॉक्टरीणबाई उजेडवाल्या डोकेदुखीचं आणि मेंदूच्या झटक्याचं काही नातं आहे का, यावर संशोधन करत होत्या. त्यांनी तिला कमान काढून दाखवायला सांगितली. आजवर 'गोळी घे आणि पड' म्हणणारे पुष्कळ भेटले होते, 'काय दिसतं ते दाखव' म्हणणारं पहिलंच माणूस. तिनं जीव ओतून चित्र काढलं.

"उजेड दिसणाऱ्यांना झटक्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त दिसते," बाई म्हणाल्या. "थोडीच हं. बहुतेकांना तो जन्मात येत नाही. आणि जास्त का, ते आम्हालाही अजून नीट उलगडलेलं नाही."

"मग आला तर मला कळणार कसं?"

"तुमचा उजेड हळूहळू सरकत येतो आणि नसलेलं दाखवतो. झटका एकदम येतो आणि असलेलं घेऊन जातो. नजर म्हणा, हात म्हणा, बोलणं म्हणा. असं काही एकाएकी गेलं तर पडून राहायचं नाही, तडक इथे यायचं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध वेळेत दिलं तरच चालतं. उशीर झाला की गेलेलं गेलंच."

घरी येऊन तिनं चित्राचं कौतुक झालं तेवढं सांगितलं. बाकीचं सांगून बिचाऱ्याची झोप कशाला उडवायची!

त्या दिवशी दुपारी ती चादरींच्या घड्या घालत होती. अचानक चादरीची उजवी बाजू नाहीशी झाली. कमान नाही, रंग नाही, दुधात बुडवावा तसा अर्धा संसार बुडून गेला. आज उजेडाला उशीर झाला वाटतं, तिच्या मनात आलं. सवय वाईट असते. तिनं नवऱ्याकडे वळून म्हटलं, "आली."

"जा, पड तू," तो कुजबुजला आणि पडदे ओढायला धावला.

ती पडली. खोली कोमट पाण्यासारखी अंगावर आली. दुखत काहीच नव्हतं आणि याचंच तिला नवल वाटत होतं. शेजारी कुणाचा तरी हात पडला होता, जडसा, बोटांवर हिरवा रंग वाळलेला. कुणाचा बरं? बिचाऱ्याला थंडी वाजत असेल म्हणून तिनं डाव्या हातानं त्यावर पांघरूण ओढलं. डोक्यातून रंगांची नावं एकामागून एक उठून चालली होती, सभा संपल्यावर माणसं उठतात तशी, कुणाला घाई नाही, कुणी मागे वळून पाहत नाही. पिवळा गेला. पिवळेपणा तेवढा मागे राहिला, नावावाचून, भलताच सुंदर. असंच तरंगत राहावं, इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

मग खोल कुठूनतरी डॉक्टरीणबाईंचा आवाज वर आला. असलेलं घेऊन जातो. आणि हिरव्या बोटांचा तो हात आपलाच आहे, हे तिला कळलं.

ती घाबरली. अशी घाबरली की स्वप्न फाटलं. दार उजवीकडे होतं, आणि उजवीकडे तर काही उरलंच नव्हतं. तिनं नवऱ्याला हाक मारली. तोंडातून नुसता घोगरा सूर निघाला. बाहेर पावलं थांबली. ऐकलं त्यानं! तिनं पुन्हा जोर केला.

"आज फारच दुखतंय तिला," दाराबाहेर तो हळहळला, आणि चवड्यांवर चालत जाऊन रस्त्याकडची खिडकीही लावून आला.

तिनं डावा हात फिरवून पाण्याचा पेला खाली पाडला. फरशीवर तो खळ्ळकन फुटला.

"शूऽऽ," नवरा बाहेर म्हणाला. "आक्का, पाय वाजवू नकोस. कूस बदलली वाटतं तिनं."

त्याचं प्रेम दाराला कडीसारखं लागलं होतं. आत ती जागच्या जागी ओसरत होती आणि बाहेर तो प्राण कंठाशी आणून शांतता राखत होता. कुणाला दोष द्यायचा?

"कूस बदलली म्हणे! पेला फोडला तिनं," नणंदेचा आवाज आला. "आणि माझी कात्री आत आहे."

"आक्का, पाया पडतो, आज नको."

धाडकन दार उघडलं. "काय महाराणी, भांडी फोडायचा बेत आहे की काय आज?"

उत्तर आलं नाही.

नणंद उंबऱ्यातच थबकली. "बहिरीबिहिरी झालीस का? तुझ्याशी बोलतेय मी!"

तरीही नाही. इतकी वर्षं या दारातून तिनं टोमणे आत टाकले होते आणि एकही उधार राहिला नव्हता. तापात, दुखण्यात, बापाच्या सुतकातसुद्धा ही बाई गप्प बसली नव्हती. नणंदेनं फटकन दिवा लावला. तोंडाची उजवी बाजू घसरली होती. डावा डोळा गळत होता आणि एकटक तिच्याकडे बघत होता.

मग धक्क्यावरचा आवाज निघाला. "अरे गाडी बोलाव! हळू काय बोलतोस मुडद्या, ओरड! हिचं डोकं नाही दुखत, ही मरतेय!"

औषध वेळेत मिळालं. अगदी काठावर, डॉक्टर म्हणाले. नजर जवळजवळ सगळी परतली, पाय आला, हात कुरकुरत येऊ लागला. शब्द मात्र येईनात. नवरा रोज हॉस्पिटलात उशाशी बसून तिचा हात कुरवाळायचा आणि माफी मागायचा, तीही कुजबुजत. तिला त्याची कीव यायची, पण सांगणार कशी?

नणंद खुर्ची ओढून समोर बसायची आणि टोमणे मारायची. "बरं आहे बाई, बसल्या जागी खायला मिळतं." गप्प. "रंगाच्या दुकानात तुझ्याहून बरी मुलगी आलीय म्हणे." गप्प. एका दुपारी टोमणे संपले. नणंद चादरीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"घरात भांडायला कुणी नाही गं," ती म्हणाली, आणि तो आवाज तिचा वाटेना. "खायला उठतं घर. तुझं खरंच दुखायचं ना डोकं? मला आपलं वाटायचं... चुकलंच माझं."

तिला भरून आलं. तिनं ठरवलं, आज बोलायचंच. वन्सं, तुम्ही होतात म्हणून मी आहे. तिनं एकेक शब्द गोळा केला, ओळीत लावला, श्वास घेतला, ओठ उघडले. ओळ सगळी मोडली आणि तोंडातून खणखणीत बाहेर पडलं, "गाढव!"

खोलीतल्या पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा दचकली. दारातून नवरा धावत आला.

नणंदेनं पदर तोंडाला लावला. खांदे गदगदत होते. हसतेय की रडतेय, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

ती पुन्हा म्हणाली.