सर्वांशी जुळवून घेणारा तारामासा

दुकानात तारामासा ज्या पाण्याच्या पिशवीत मिळतो तिच्यावर ‘शांत स्वभाव, सर्वांशी जुळवून घेतो’ असं छापायला ज्यांनी परवानगी दिली, ते धादांत खोटारडे आहेत. वर बसून शिक्के मारणाऱ्यांनो, तुम्हालाच म्हणतोय. तुमच्यापैकी एकानेही तारामाशाला जेवताना बघितलेलं नाही. शांत म्हणे! दगडसुद्धा शांतच असतो, डोक्यात पडेपर्यंत. तुमच्या ह्या एका ओळीने एका घरात काय झालं ते आता ऐकून घ्या.

त्या घरातली बाई उंच क्रेन चालवते. दिवसभर आभाळात टांगलेल्या काचेच्या खोलीत एकटी बसायचं, लोखंडी तुळया उचलायच्या आणि खालचा माणूस हात दाखवेल तिथे अलगद टेकवायच्या, हे तिचं काम. सगळे तिला क्रेनवालीच म्हणतात, नवरासुद्धा. घरी आली की ती पुन्हा काचेसमोरच बसते, फक्त ह्या काचेत समुद्र असतो. बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी तिची. नवरा फरश्या बसवतो, त्याने टाकी काटेकोर पातळीत बसवून दिली आणि हात झटकले. टाकीत दोन मासे, चार गोगलगायी आणि मधल्या दगडावर एक मऊ प्रवाळ. आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता, जगेल का मरेल अशी अवस्था. आता तो तळहाताहून मोठा झालाय आणि दिवा लागला की अंगभर इवली बोटं उघडून डुलत बसतो. बायको आपल्यापेक्षा त्या प्रवाळाशी जास्त बोलते अशी नवऱ्याची तक्रार आहे. ती तक्रार खरी आहे.

तिला टाकीत एक तारामासा हवा होता. पण एकदा तिचे हात पोळलेले. मागे तिने वाळू उपसणारा एक तारामासा आणला होता, गरीब बिचारा दिसतो, पडेल ते खाईल, असं समजून. त्याने वाळूतलं होतं नव्हतं ते संपवलं आणि भुकेने मेला. चूक तिचीच होती, हे तिने कुणी न विचारता कबूल केलं. तेव्हापासून तिने धडा घेतला: तारामासा दिसतो कसा हे बघायचं नाही, खातो काय ते विचारायचं. शेवटी तिचं ठरलं. बारीक वळवळत्या हातांचा, दिवसा दगडाखाली दडून बसणारा आणि माशांचं उरलंसुरलं खाणारा एक घ्यायचा. त्यातला हिरवा मात्र नको, तो झोपलेला मासा गट्टम करतो. दुकानात हवा तसा यायची ती वाट बघत होती.

तेवढ्यात मामा आले. नवऱ्याचे मामा, सोफ्यांचे व्यापारी. जन्मभर सोफ्याला पडदा जुळवून दिलेला माणूस, त्यामुळे जगात काहीही कशाशीही जुळतं ह्यावर त्यांचा गाढ विश्वास. हे लग्नही त्यांनीच जुळवलेलं, आणि ते दर मुक्कामात एकदा तरी त्याची आठवण करून द्यायचे. ह्या खेपेला ते रिकाम्या हाताने आले नव्हते. क्रेनवाली कामावर असताना त्यांनी ती ओळ छापलेली पिशवी उघडली, आतला तारामासा पाण्यासकट टाकीत धबकन ओतला आणि भाच्याला सांगितलं की रंग बघ, सोफ्याशी किती जुळतोय.

रंग जुळत होता, ह्यात वाद नाही. फिकट पिवळसर अंग आणि त्यावर चॉकलेटचे थेंब वाळल्यासारखी तपकिरी शिंगं. देखणं जनावर. संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा ते जनावर पाचही हात पसरून प्रवाळावर बसलेलं होतं.

“बघ सूनबाई, मिठी मारलीय,” मामा म्हणाले. “पहिल्याच दिवशी.”

“मिठी नाही मामा. जेवतोय तो.”

मामा हसले. मग तिने त्यांना काचेशी वाकवलं आणि खालून दाखवलं. तारामाशाचं तोंड पोटाखाली असतं, आणि हा पठ्ठ्या ताटावर बसून स्वतःचं पोटच तोंडातून बाहेर काढतो. घास आत नेण्याची भानगडच नाही, पोटच घासापर्यंत जातं. मामांनी बघितलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. पुन्हा उचलला नाही.

तिने बाही वर करून हात टाकीत घातला. एकेक हात नखाने सोडवत, पाण्यातच वाडग्यात घेत, तुळई टेकवावी तितक्या हलक्या हाताने तिने त्याला बाजूला केलं. प्रवाळावर अर्ध्या तळहाताएवढा पांढरा चट्टा पडला होता. बोटं नाहीत, काही नाही. उरलेलं प्रवाळ घट्ट मिटून बसलेलं. नवऱ्याने नेमकी हीच वेळ तोंड उघडायला निवडली. मामांनी हौसेने आणलाय, त्यांचं मन मोडायला नको, पोटभर खायला घातलं तर गप्प राहील, तूही थोडं जुळवून घे, असं तो म्हणाला.

“मी घेते जुळवून,” ती म्हणाली. “प्रवाळाचं काय ते तू विचारून ये.”

आता त्या मुक्या जिवाला मारायचं तर नव्हतं. तिने टब काढला, टाकीतलंच पाणी भरलं, हीटर आणि हवेचा पंप लावला. मोकळा प्लग घरात एकच होता, मामांच्या उशाशी. निदान तिने तरी तसंच सांगितलं. पंप गुळणी केल्यासारखा अखंड गुरगुरत होता, आणि चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायचं काम ज्यांनी हौसेने आणलं त्यांच्याकडेच आलं. दोन दिवसांत मामांच्या डोळ्यांखाली सोफ्याच्या उशा लोंबायला लागल्या. ह्या गुरगुरीत माणूस झोपणार कसा, असं त्यांनी एकदा कळवळून विचारलं.

“जुळवून घ्या ना मामा. शांत स्वभावाचा आहे.”

नवरा घाईघाईने स्वयंपाकघरात गेला. तिथून हसण्याचा आवाज आला आणि तो नळाखाली दाबला गेला.

परत द्यायची सूचना मामांनीच मांडली. रिक्षात टब मांडीवर घेऊन ते दुकानापर्यंत आले, आणि उतरले तेव्हा मांडी ओलीचिंब होती. सकाळी निघताना प्रवाळाने कडेकडेची मोजकी बोटं उघडली होती. चुकीचा सोबती पुन्हा टाकीत गेला तर ही बोटंही जाणार, हे तिला माहीत होतं.

दुकानदाराने तारामासा मुकाट्याने परत घेतला, पण चूक घ्यायला तयार होईना. पिशवीवर छापलंय, तज्ज्ञांनी प्रमाणित केलंय, असं तो म्हणत राहिला.

“लेबल वरून येतं मॅडम. आमच्या हातात काय आहे?”

“मी रोज वरच असते. मला तिथे कुणी दिसलं नाही.”

मामा फस्सकन हसले, मग पिशवी कुणी विकत घेतली होती ते आठवून गप्प झाले.

दुकानदाराने मागून नवा माल काढला. पाण्याने फुगलेल्या पिशव्या काउंटरवर ओळीने मांडल्या. वळवळत्या हातांचे दोन, त्यातला एक हिरवट, एक लाल, एक पुन्हा तसलाच शिंगाळ. प्रत्येक पिशवीवर तीच ओळ: शांत स्वभाव, सर्वांशी जुळवून घेतो. दुकानदार वाचायला लागला तसा तिने त्या ओळीवर पंजा ठेवला.

“वाचू नका. तुम्ही रोज ह्यांना खायला घालता ना? मग तुम्ही सांगा. ह्यातला कोण कुणाला खातो?”