निळा चिमटा

घरटं ताईने शोधलं, मी नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, म्हणून ती काठी टेकत वसाहतीमागच्या नाल्याकाठी जायची. पालिकेने तिथे 'निसर्गवाट' अशी पाटी ठोकली आहे. लोक नेमका तिच्याखालीच कचरा टाकतात. चौथ्या बाकासमोरच्या झुडपात शिंपी पक्ष्याने दोन पानं शिवून केलेलं घरटं तिला दिसलं. मी गळ्यात एवढा मोठा कॅमेरा अडकवून दोन वर्षं त्याच झुडपावरून ये-जा करत होतो.

"दाखवते, पण एका अटीवर," ती म्हणाली. "लांबूनच बघायचं. हात लावायचा नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर ऐकलं असतंस."

त्या घरट्यानेच ताईला चालतं केलं. आधी तिला घराबाहेर काढताना माझ्या नाकी नऊ यायचे. आता सकाळी सहाला मी अंथरुणात आणि ही बूट घालून दारात. घरट्यातून पहिल्यांदा चिवचिव ऐकू आली, त्या दिवशी तिने काठी बाकावर ठेवली आणि वाटेच्या कडेपर्यंतची पाच पावलं तशीच चालली.

मला फोटो हवा होता, तोही स्पर्धेला पाठवण्याजोगा. एक पान मात्र नेमकं आडवं यायचं. एका दुपारी कपड्यांच्या दोरीवरचा निळा चिमटा खिशात टाकून मी एकटाच गेलो आणि ते पान मागच्या फांदीला अडकवून टाकलं. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावलं होतं. आई चोचीत अळी घेऊन आली, तीन पिल्लांनी चोची वासल्या. मी चाळीस फोटो काढले आणि कॅमेऱ्यात ते बघत बघतच घरी आलो.

चिमटा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला तपासणीला न्यायचं होतं, त्यामुळे फिरणं झालं नाही. परत आल्यावर कपडे वाळत घालताना मला आठवलं. धावत गेलो. घरटं फाटून लोंबत होतं, वरच्या फांदीवर कावळा बसला होता. पान अजून बाजूलाच होतं. चिमट्याने आपलं काम चोख केलं होतं. मी तो काढून घेतला आणि घरी येऊन दोरीला लावून टाकला.

"पिल्लं उडाली," मी ताईला सांगितलं.

"इतक्या लवकर?"

"शिंप्याची लवकरच उडतात."

पक्ष्यांच्या बाबतीत माझा शब्द घरात शेवटचा असायचा. तिने विश्वास ठेवला. "मी काठी सोडली, त्यांनी घरटं सोडलं," असं ती शेजारच्या काकूंना कितीतरी दिवस हसत सांगत होती. मला दरवेळी तिथून उठून जावंसं वाटायचं. फोटो मी कुठेच पाठवला नाही.

माझ्या वाढदिवसाला ताईने भिंतीएवढी चौकट समोर ठेवली. भाचीकडून माझ्या कॉम्प्युटरमधला फोटो काढून तिने तो गुपचूप मोठा करून घेतला होता. तीन वासलेल्या चोची, आणि उजव्या कडेला, मी कधीच न कापलेल्या भागात, निळं काहीतरी.

ताईने चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"हे पान आपोआप बाजूला झालं होतं का रे?"

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं.

"वाऱ्याने," मी म्हणालो.

ती बाल्कनीत गेली, दोरीवरचा निळा चिमटा काढून आणला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. आत जाताना तिने दारामागची काठी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बूट घालून दारात उभा राहिलो. ताई जागी होती, पण उठली नाही.