उष्टा थेंब

वहिनीची ही चौथी खेप. वंध्यत्वाच्या दवाखान्यात नणंदच प्रयोगशाळा सांभाळत होती, त्यामुळे घरची आशा आणि घरची धास्ती दोन्ही तिच्याच हाताखालून जायची.

यावेळी दोनच गर्भ तगले. सूक्ष्मदर्शकाखाली एक अगदी रेखीव, दुसरा वाकडातिकडा. नणंदेने दोघांच्या बशीतला द्रव तपासला. ज्या थेंबात गर्भ वाढतो त्यातली साखर किती संपली, मागे काय उरलं, यावरून त्याच्या जिवाचा अंदाज घ्यायचा. उष्ट्या ताटावरून जेवणाऱ्याची भूक ओळखावी तसं. आकडे वाकड्याच्या बाजूने होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी त्यांच्या जागी असते तर देखणा निवडला असता. पण दोन्ही बाजू त्यांना सांग. ठरवू दे त्यांनाच."

भाऊ वैतागला. "अगं, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की यंत्रावर?"

"दादा, ही तपासणी अजून कच्ची आहे. कधी बरोबर येते, कधी तोंडघशी पाडते."

"म्हणजे तुझ्या पदवीचा उपयोग काय?"

"अहो, तिच्यावर कशाला डाफरताय?" वहिनी खाटेवरून म्हणाली. तिचं पोट इंजेक्शनांनी काळंनिळं झालं होतं. "वन्सं, खातोय तो घाला. देखणेपणाचं काय, तुमच्या भावाला पाहूनच मी फसले होते."

तिघंही हसली, पण हसूसुद्धा दमलेलं होतं.

वाकडा गर्भ वहिनीच्या पोटात सोडला. पुढे रक्ताच्या तपासणीत गर्भ रुजल्याची खूण सांगणारं संप्रेरक जेमतेम दिसलं. सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. दुसऱ्या तपासणीत तेही उतरलं. नणंदेने फोन उचलला, परत ठेवला आणि अर्धा दिवस रजा टाकून भावाच्या घरी गेली.

दार वहिनीनेच उघडलं. नणंदेचा चेहरा पाहून म्हणाली, "चांगलं असतं तर फोनच केला असतास." एरवी थट्टेने 'वन्सं' म्हणणारी ती आज सरळ एकेरीवर आली होती.

"हो."

"यंत्र खोटं बोललं का गं?"

"नाही. त्याने भूक सांगितली. पुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं. देखणा टिकला असता का, तेही मला सांगता येणार नाही."

"विचारतंय कोण? निवडला मी." वहिनी पलंगावर बसली. "तो देखणा आहे ना अजून?"

"गोठवून ठेवलाय."

"राहू दे तिथेच. आता थोडे दिवस मला कुणी काही टोचू नका, काही विचारू नका. तुझ्या दादालाही तूच सांग. माझ्यात त्राण नाही."

नणंदेने मान हलवली. निघावं असं तिला वाटलं, पण ती पलंगाच्या कडेला टेकली. कितीतरी बायकांना तिने हे असंच सांगितलं होतं आणि उद्या पुन्हा कुणाला तरी सांगायचं होतं.

"सरक जरा," ती म्हणाली.

वहिनी भिंतीकडे सरकली. दोघी उशी अर्धी अर्धी घेऊन आडव्या झाल्या. भाऊ कामावरून आला तेव्हा त्या गाढ झोपल्या होत्या. तो दारातच थांबला, काय ते समजला, आणि आवाज न करता स्वयंपाकघरात जाऊन त्याने तिघांपुरता भात टाकला.