उतरलेली सूज

पिंकीच्या उजव्या डोळ्यात गाठ आहे. माझी लेक दोन वर्षांची आहे. हे मी आता कुणालाही न अडखळता सांगते. ताडकळसच्या बाजारात भाजीवालीलाही सांगितलं. ती "अगं बाई" म्हणाली आणि पिशवीत चार मिरच्या जास्त टाकल्या.

डोळा ठेवायचा की काढायचा, ते हैदराबादचे डॉक्टर पुढच्या तपासणीत ठरवणार होते. सलाईनमधलं औषध अंगभर फिरतं, गाठीपर्यंत थोडंच पोचतं. म्हणून या वेळी भूल देऊन त्यांनी ते गोंदासारख्या चिकट पदार्थात मिसळून डोळ्याच्या मागे, गाठीला लागूनच बसवलं. गोंद हळूहळू विरघळणार, तसतसं औषध झिरपत राहणार. पापणी सुजेल, सुजू द्या. चोळू नका, शेकू नका, गोंद लवकर विरघळेल. घरी येऊन मी हे सगळं सासूबाईंना, गंगम्मांना, सांगितलं; मी त्यांना अत्या म्हणते. त्यांनी मान हलवली.

त्या सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले. अत्या ओसरीत बसल्या होत्या. कपाळाला पूजेची विभूती, मांडीवर पिंकी, शेजारी तवा. तेल लावून गरम केलेलं एरंडाचं पान त्यांनी तिच्या डोळ्यावर धरलं होतं. पिंकी गप्प पडून होती. तिला ते आवडत असावं.

"अत्या, काय करायलाव?"

"शेक की, दुसरं काय. डोळा बघ कसा टम्म झालाय लेकराचा. तुझ्या नवऱ्याची गालफुगी ह्याच पानानं उतरली हुती."

"कधीपास्नं?"

"कालपास्नं. तू न्हायला गेलीस की देते. तुझ्यासमोर कशाला, तू वरडतीस." त्यांनी पान उचललं. "ही बघ, निम्मी उतरली! त्या हैदराबादवाल्याला सांग म्हणावं, आमच्या ताडकळसचं पान लय भारी हाय."

खरंच उतरली होती. पापणी उघडत होती, आतली गाठीची पांढरी झाक दिसत होती.

मी तवा उचलून मोरीत ठेवला. तो गरम होता हे बोटांना नंतर कळलं.

दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. "सेंक दिये? पैलेच घुल गयी होंगी दवा," ती म्हणाली. "लेके आओ."

दिवसभर बाया येत होत्या. बरं झालं बाई, सूज उतरली, म्हणत होत्या. मी चहा करत होते. संध्याकाळी नवरा, राजेश्वर, दुकानातून आला, ऐकून घेतलं, म्हणाला, "आता बोलून काय," आणि तिकिटं बघायला बसला. अत्या जेवल्या नाहीत. "म्या काय वैरीण हाय का तिची?" एवढंच भिंतीकडे बघून म्हणाल्या.

हैदराबादला त्याही आल्या. डॉक्टर तपासून बाहेर आले. गाठ कमी झाली होती, पण हवी तेवढी नाही. आणखी एकदा औषध बसवून बघता येईल, म्हणाले. तेही पुरलं नाही तर डोळा काढावा लागेल, मग थांबणं जिवावरचं.

राजेश्वरनं माझ्याकडे बघितलं.

"बसवा," मी म्हणाले. माझा आवाज बँकेत बोलावं तसा आला.

"इचार की त्याला," अत्या मागून म्हणाल्या, "माज्यामुळं झालं का?"

मी हिंदीत विचारलं. शेकानं फरक पडला असेल, नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले. मी अत्यांना तसंच सांगितलं, एक शब्द इकडे-तिकडे न करता. त्या "बरं" म्हणाल्या.

पिंकीला बाहेर आणलं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. पापणी पहिल्यापेक्षा जास्त सुजलेली. हात सारखे डोळ्याकडे जात होते. मी एक हात धरला की दुसरा सुटायचा. राजेश्वर औषधं आणायला खाली गेला होता. अत्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला, दोन्ही हात पदरात घालून बसल्या होत्या. पिंकीला मागत नव्हत्या.

"अत्या, हिचे हात धरा."

त्या सरकून जवळ आल्या. पिंकीची दोन्ही मनगटं धरली, घट्ट. पिंकी रडायला लागली.

"धरू ना?"

"धरा."

त्यांनी धरून ठेवली. मी त्यांच्या हातांकडे बघत बसले.