कप्तान धनराज

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकाचा सीझन दिवाळीनंतर उघडतो. गावोगावची मंडळं मंडईच्या जत्रेसाठी नि शंकरपटाच्या बैलशर्यतींसाठी नाटक ठरवायला वडशाला येतात आणि कंपन्यांच्या ऑफिसांबाहेर टांगलेल्या बोर्डांवर कोणाचा चेहरा मोठा आहे ते आधी बघतात. धनराजच्या बोर्डावर धनराजचा चेहरा एवढा मोठा असे, की बाकीच्या नटांना त्याच्या कानामागे जागा मिळायची. कंपनीचा मालक तोच आणि हिरोही तोच. पोट सुटलं होतं, पण बोर्डावर चेहराच रंगवतात, त्यामुळे त्याचं काही अडत नव्हतं.

दोन हजार चारच्या सीझनला त्याला दुसऱ्या कोणाकडे नसलेलं नाटक हवं होतं. दिवसा टायपिंग शिकवणाऱ्या आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहिणाऱ्या ताबिशने इंग्रजी पेपरातली एक हकिकत आणली. आर्मिंदो नावाचा एक पोर्तुगीज. गावात सायकलवर घरोघर पाव पोहोचवता पोहोचवता तो शर्यतीचा पगारी सायकलवीर झाला. पण पगार जिंकण्याचा नव्हताच. टीमचा कप्तान एक. बाकीच्यांनी त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्या वाहायच्या, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं. आर्मिंदोने हे फ्रान्सच्या डोंगरांत केलं, स्पेनच्या उन्हात केलं, केस पिकेपर्यंत केलं. शेवटच्या वर्षी एकदाच तो एकटा पुढे निघाला. शर्यत संपण्याची रेघ समोर दिसत होती. तेवढ्यात कप्तान मागे एकटा पडल्याचं कळलं आणि हा थांबला, त्याला घेऊन आला. कप कप्तानाने उचलला. आर्मिंदोने गावी परतून सायकलचं दुकान टाकलं.

ताबिशचे डोळे भरून आले होते. धनराजने शांतपणे सुपारी कातरली.

"कप कोन घेते म्हनलं?"

"कप्तान."

"मंग मी कप्तान."

आर्मिंदो लटारूच्या वाट्याला आला. लटारू कंपनीत दुय्यम कामं करायचा, धनराजच्या कपड्यांना इस्त्री करायचा आणि पल्लेदार भाषणात धनराजचा घसा बसला की विंगेतून बाटली घेऊन धावायचा. एवढी मोठी भूमिका आपल्याला झेपेल का, असं त्याने चाचरत विचारलं. पाणीच तर द्यायचं आहे, रोजचंच काम, असं सांगून धनराजने त्याला वाटेला लावलं.

रंगमंचावर सायकली स्टँडवर, स्टँड चाकं लावलेल्या फळीवर, आणि फळीला दोर. विंगेतल्या माणसांनी दोर ओढला की सायकल पुढे. म्हणजे पायडल कितीही मारा, पुढे कोण जाणार हे दोरवाल्यांच्या हाती होतं. आर्मिंदोची आई नऊवारी नेसली, आणि शर्यत ऐन रंगात असताना पोर्तुगालात एक लावणीही झाली. ताबिश फक्त कपाळ चोळत राहिला.

पहिला प्रयोग आरमोरीकडच्या एका गावात झाला. लटारूने आपलं चाक काढून कप्तानाला दिलं तेव्हा बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी धनराजने कप उंचावला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळी आली नाही. पुढच्या रांगेतून गुणाबाई नावाची एक म्हातारी उठली आणि तिने विचारलं, "ज्यानं चाक देल्लं त्याले काऊन नाई?"

त्यानंतर ऑफिसात येणारी मंडळं 'त्या पाणीवाल्याचं नाटक' मागू लागली. धनराजच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने भूमिका बदलून टाकल्या: आर्मिंदो आपण, कप्तान लटारू. लोकांना पाणीवाला आवडतो ना, मग पाणीवाला धनराज.

पण शेवटच्या प्रवेशात त्याचा जीव थांबायला तयार होईना. रेघ समोर, टोपलीएवढा कप समोर, आणि थांबायचं कोणासाठी, तर लटारूसाठी. त्याने दोरवाल्यांना डोळा मारला. फळी थेट रेघेपार गेली. ही ताकद आपलीच हे दिसावं म्हणून त्याने पायडल असे हाणले होते की आता विजयाचं भाषण करायला तोंड उघडलं तर आतून नुसती शिट्टी आली.

मंडपात कुजबुज सुरू झाली.

लटारू मागच्या सायकलवर होता. मालकाचा घसा बसलेला त्याला दिसला आणि आपण आज कप्तान आहोत हे तो साफ विसरला. उतरला, आपली बाटली घेऊन लगबगीने आला, बूच काढलं आणि धनराजच्या ओठांना लावली. सगळा मंडप बघतोय हे धनराजला कळत होतं. न पिण्याची त्याला फार इच्छा होती. पण घशाने ऐकलं नाही, तो घटाघट प्याला.

मंडप टाळ्यांनी दणाणला. कप्तान असावा तर असा, असं लोक एकमेकांना सांगत होते. धनराजचं भाषण त्या गलबल्यात कोणाच्याच कानावर गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी, तो प्रयोग पाहिलेले मार्कंड्याकडचे सोमाजी जत्रेसाठी नाटक ठरवायला ऑफिसात आले. बाहेरच्या बोर्डाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नाटक हेच हवं, आणि लटारूभाऊ आलेच पाहिजेत, मग सोंग कोणतंही घेवोत, एवढी एकच अट त्यांनी घातली.

धनराजने घसा खाकरला. हिरोचं काय, असं त्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

सोमाजींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. त्यांना माणूस ओळखू आला आणि ते मनापासून हसले.

"तुमी बी या ना भाऊ," ते म्हणाले. "पानी प्याले कोनी तं पायजेच."